घरपट्टी आमची, मत सबनीसांचं

शाळेच्या फाटकाशी रोज दुपारी तीन वाजता उभं राहिलं की किस्से सायकलींसारखे साचतात. एक ओढायला जावं तर तीन अंगावर येतात! आम्ही नातवंडांना न्यायला येणारे तिघं. मी, सबनीस आणि कुसुमताई. मी बार्शीला पिठाची गिरणी चालवली. चौथी शिकलो. सबनीस बँकेत मॅनेजर होते. असं ते सांगतात. रोज सांगतात.

*

हॉलंडमध्ये परदेशी माणसाला पाच वर्षं राहिल्यावर गावच्या निवडणुकीत मत मिळतं. सबनीसांची पाच वर्षं भरली होती. माझी नाही, माझ्या मुलाचीही नाही.

निवडणूक झाली, तेव्हा सबनीस मत देऊन थेट फाटकाशी आले. छाती पुढे.

कुसुमताई म्हणाल्या, "बोट दाखवा."

"अहो, इथे शाई लावत नाहीत!"

"मग आम्ही कशावरून खरं धरायचं?"

दुसऱ्या दिवशी सबनीसांच्या बोटावर बॉलपेनची निळी रेघ होती.

*

त्याच वर्षी शाळेचं छप्पर गळायला लागलं. गेमेंटे, म्हणजे इथली नगरपालिका, म्हणाली, घरपट्टी वाढवू द्या, छप्पर घालतो. नाहीतर ही शाळा बंद, पोरं बसने कालव्यापलीकडच्या शाळेत. काय ते मत देऊन सांगा.

कुसुमताईंना नवल वाटलं. "घरपट्टी वाढवायच्या आधी विचारतात? आमच्याकडे वाढल्यावर कळते!"

मला हसू आलं नाही. पोरं बसने गेली की माझ्या नातीला, सईला, आणायला आजोबा कशाला लागतो? तीन वाजता घराबाहेर पडायचं, एवढंच काम माझ्याकडे उरलं होतं.

*

आमचं घर मुलाच्या मालकीचं. घरपट्टी तो भरतो. त्याला मत नाही. सबनीस मुलीकडे भाड्याच्या घरात राहतात. इथे भाडेकरूला ती पट्टी नाही. त्यांना मत आहे!

मतदानाचं कार्ड पोस्टाने आलं आणि सबनीसांच्या शर्टाच्या खिशात जाऊन बसलं. टोक बाहेर. वारा असा की सायकली आडव्या पडत होत्या, आणि यांचा कोट उघडा!

"बटणं लावा, सबनीस. गारठाल."

"असू दे, आबा. मोकळं बरं वाटतं."

*

आमच्या शेजारचा डच म्हातारा घरपट्टीच्या विरोधात होता. माझ्याशी तो कधी मान हलवण्यापलीकडे गेला नाही. सबनीसांना त्याने कॉफीला बोलावलं. इथे कॉफीबरोबर एकच बिस्किट मिळतं, यांना दोन दिली. दोन!

कुसुमताई म्हणाल्या, "म्हणजे इथे दुसऱ्या बिस्किटालाही पाच वर्षं लागतात!"

हे ऐकून सूनबाई घाबरली. तिने पुरणपोळ्या केल्या. "आबा, सबनीसकाकांना नेऊन द्या. आणि शाळेचं बोला."

घरात पहिली पोळी माझ्या पानात पडते. त्या दिवशी ती डब्यात गेली, आणि डबा मीच नेला, वर तुपाची वाटी. सबनीसांनी तीन खाल्ल्या. तुपाची वाटी स्वतःकडे ओढून घेतली.

मी विचारलं, "मग? शाळेलाच ना?"

त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. "मतदान गुप्त असतं, आबा."

तुपाची वाटी मी परत आणली.

*

मतदानाच्या दिवशी सबनीसांचा पाय मुरगळला. मुलगी ऑफिसच्या कामाला परगावी. कार्डावर सही करून दुसऱ्या मतदाराला आपलं मत द्यायला पाठवता येतं इथे. पण आमच्यात दुसरा मतदार होता कुठे? कुसुमताईंचीही पाच वर्षं भरायची होती.

मी मुलाची बाकफीट्स काढली. पुढे लाकडी पेटी असलेली सायकल, पोरांना बसवून नेतात ती. पेटीत सबनीस बसले, पायावर शाल. मी वाऱ्याच्या तोंडावर पेडल मारतोय, आणि हे येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करतायत!

फाटकाशी कुसुमताई ओरडल्या, "अगंबाई, नवरदेव आला!" मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "घोड्यासकट!"

*

मतदान शाळेच्याच हॉलमध्ये होतं. कोपऱ्यात गळक्या छपराखाली बादली ठेवलेली. यंत्र नव्हतं, कागद आणि दोऱ्याला बांधलेली लाल पेन्सिल. सबनीसांना एका पायावर उभं राहवेना. टेबलामागच्या बाईंनी मला खूण केली, यांना धरून आत जा.

आडोशाला गेलो. कागदावर दोन गोल. एक होचा, एक नाहीचा. सबनीसांनी पेन्सिल उचलली. माझ्याकडे पाहिलं. मग ती माझ्या हातात दिली.

"तुम्ही रंगवा, आबा. माझा हात थरथरतो."

मी रंगवला. रंग रेषेबाहेर जाऊ दिला नाही.

बाहेर कुसुमताईंनी गाठलंच. "काय दिलं हो मत?"

सबनीस म्हणाले, "आबांना विचारा."

मी म्हणालो, "मतदान गुप्त असतं."

त्यांना घरी सोडलं. थर्मासमधला चहा सबनीसांनीच ओतला. दोन्ही कप काठोकाठ. बशीत थेंबही सांडला नाही.