समतेचे सर

आमच्या विभागात राजकीय तत्त्वज्ञान शिकवणारे एक सर आहेत. ते समतेवर बोलू लागले की पंडरीच्या कापडबाजारातले शेठ गादी सोडून हमालांशेजारी खाली बसतात म्हणे! बोलताना सरांचे डोळे भक्तिभावानं मिटतात, ते थेट नाश्ता आला की उघडतात.

पीएचडीच्या तोंडी परीक्षेला नाश्ता विद्यार्थ्यानंच आणायचा आणि उभं राहून वाढायचा, हा त्यांचा रिवाज. परवा माझ्या मैत्रिणीची परीक्षा होती. मी मागच्या बाकावर होतो. तिनं सगळ्यांना समोसे वाढले, स्वतःची प्लेट भरली आणि सरांच्या शेजारच्या खुर्चीत बसून खाऊ लागली.

"काहून वं पोट्टी, इथं काहून बसून राहिली तू?"

"भूक लागली, सर. आणि माझा प्रबंध समतेवरच आहे ना!"

"प्रबंधातली समता प्रबंधात ठेव!"

बाहेरगावच्या परीक्षकांनी समोशात तोंड खुपसलं. सरांनी तेलकट बोटांनीच शेरा लिहिला: 'विद्यार्थिनीला समता समजलेली नाही. प्रकरण पुन्हा लिहावे.' म्हणजे पोरीचं अख्खं वर्ष गेलं! माझ्या डोक्यात सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यांतल्या सगळ्या भट्ट्या एकदम पेटल्या.

मैत्रिणीनं शेरा वाचला, पण ती उठली नाही.

"सर," ती म्हणाली, "ती चटणी जरा इकडे सरकवा."