पावसाच्या चिठ्ठ्या

चोपड्याजवळच्या एका मंडळ कार्यालयात जीवराम कोतवाल होता. एकोणीस पावसाळे त्याने रोज सकाळी आठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजून आकडा वहीत मांडला होता. बापाच्या दहाव्यालाही आधी पाऊस मोजला, मग तो नदीवर गेला.

१९९३च्या मे महिन्यात अमळनेरच्या कॉलेजातले भूगोलाचे पंडित सर ती वही बघायला आले. जग तापतंय, पाऊस आणखी लहरी होणार, हे अधिकाऱ्यांना सांगून ते थकले होते. "भाषणात साहेब लोक पेंगतात. आता त्यांना खेळायलाच बसवतो," ते म्हणाले.

दोघांनी मिळून खेळ रचला. प्रत्येक अधिकारी एक शेतकरी. सगळ्यांची विहीर एकच, म्हणजे चिंचोक्यांनी भरलेली परात. केळीला पाच चिंचोके, कपाशीला दोन, बाजरीला एक. दर वर्षी एक चिठ्ठी उचलायची. तिच्यावर वहीतला पाऊस असेल तेवढीच परातीत भर. कमी पावसाच्या चिठ्ठ्या सरांनी मुद्दाम जास्त घातल्या. पुढचे दिवस तसेच येणार, असं त्यांचं म्हणणं.

देवपुरातल्या एका सभागृहात खेळ मांडला. सगळ्या साहेबांनी केळीच लावली. तिसऱ्या वर्षी परातीचा तळ दिसू लागला, तशी एकाने मुठीत चिंचोके लपवले. दुसऱ्याने त्याचं मनगट धरलं. सर खूश झाले. चौथी चिठ्ठी मोठ्या साहेबांनी उचलली. वर्षाचा पाऊस दोनशे साठ मिलिमीटर.

"असा पाऊस असतो का कुठे? काहीतरी लिहून ठेवलंय." त्यांनी चिठ्ठी टराटरा फाडली. "दुसरी काढा."

जीवरामच्या अंगाचा तिळपापड झाला. सरांनी त्याची बाही ओढली, ती त्याने हिसडा देऊन सोडवली.

"खोटी नई शे ती, साहेब! मी मोजेल शे. त्या साले आमनं गाव बैलगाडीवर पानी वाही ऱ्हायनं व्हतं. तुमना टँकर दिवाळी गयी तरी उना नई."

"अरे, खेळ आहे. चिडतोस कशाला? भर परात, पहिल्यापासून खेळू."

"नई भरत!" त्याने परात उचलून छातीशी धरली. "बठ्ठं पानी सरनं. बसा आते तसाच."

कुणी बसलं नाही. साहेब जेवायला उठले. आठ दिवसांत जीवरामला नोटीस आली आणि पाऊस मोजायचं काम दुसऱ्याकडे गेलं. सरांनी पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही.

मग त्याने तोच खेळ गावात मांडला. बाया-माणसं तावातावाने भांडली. केळीवाल्या तोताराम आबाने अर्धं रान कपाशीला देऊन परात वाचवली, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण महिना उलटला नाही, तोच आबाने खऱ्या शेतात नवी बोअर मारायला मशीन लावलं.

जीवराम बांधावर जाऊन तासभर शिव्या देत उभा राहिला. "तू तं खेळेल व्हता ना आबा! तुले तं समजेल व्हतं!"

आबा मान खाली घालून ऐकत होता. मशीन त्याने बंद केलं नाही.