‘मदत करा’ नावाचं बटण

आधी माझा मूर्खपणा सांगते. ज्या घराला आम्ही बायकांनी पैसे लावले, त्याच घराच्या वास्तुशांतीला मी मागच्या मोरीवर बसून पाहुण्यांची ताटं घासली. एकटीनं नाही. आमच्या बचत गटातल्या अकरा जणींना सोबत बसवलं.

आम्ही ठेवणीतल्या साड्या नेसून, ओटीचं सामान घेऊन पुढच्या दारानं गेलो होतो. घर घेणाऱ्या साहेबांची बायको पायरीवरच भेटली. म्हणाली, "आलात का मावशी? भांडी मागे ठेवलीत." आमच्याकडे नीट पाहिलंही नाही. आणि मी, छपन्न वर्षांची शहाणी, म्हणाले काय? "साबण आहे ना ताई?"

नातवंडांना हे सांगते तेव्हा ती खिदळतात. मीही खिदळते. त्या अकरा जणींसमोर मात्र अजून हसता येत नाही.

घर आमच्या राजोडी गावातलं. जुनं, कौलारू. मुंबईच्या एका साहेबांना ते विकत घ्यायचं होतं, दुरुस्त करून शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायचं होतं. पैसे कमी पडत होते, म्हणून मोबाइलवरून लोकांकडून थोडे थोडे गोळा करायचे. क्राउडफंडिंग. वर्गणी म्हणाले असते तर मी दहा रुपये देऊन मोकळी झाले असते. पण ते म्हणाले, "मावशी, हे सगळ्यांचं घर." माझा व्हिडिओ काढला. मी पावडर थापून सांगितलं, "ह्या घर आमच्या गावाचा हाय." स्वतःचं थोबाड मोबाइलवर पाहून आठवडाभर तरंगत होते.

आमच्या बचत गटात धड वाचता येणारी मी एकटी. सातवी पास. मोबाइलवरच्या त्या पानावर बटण होतं, ‘मदत करा’. मला वाटलं, बरोबर आहे. आमच्या आळीत घर उभं राहतं तेव्हा घरटी एक माणूस मदतीला जातो. नव्या चुलीवरचा पहिला भात त्याच माणसांच्या पानात पडतो. मदत केली की त्या घरावर आपला हक्क लागतो. बटणाखाली बारीक अक्षरं होती. गटातल्या शेवंतानं विचारलंसुद्धा, "बाय, खाली काय लिवलंय?"

मी म्हणाले, "नेहमीचंच."

चष्मा घरी होता. तिनं छपराच्या पत्र्यांसाठी साठवलेले पैसे माझ्या हातात दिले. बटण माझ्या बोटानं दाबलं.

तर मी मोरीवर बसले होते. आतून साहेबांचा आवाज आला. पाहुण्यांना सांगत होते, "इथल्या बायका फार साध्या. काही न मागता मदत करतात."

ताट हातातून सुटलं. तशीच, फेसाळ हातांनी, आत गेले. नव्या सोफ्यावर बसले. विचारलं, "आमचा वाटा किती?"

साहेब हसले. मोबाइल पुढे धरला. "मावशी, वाटा कसला? ही देणगी आहे. परत मिळत नाही. तुम्ही वाचलं नव्हतं का?"

चारचौघांत.  

मग मी तोंड उघडलं. म्हणाले, "मग माझा चेहरा काढ त्या मोबाइलातून. तो मी दान दिला नव्हता." काढेपर्यंत उठले नाही. सोफा ओला झाला. होऊ दे.

मागे मोरीवर येऊन मी म्हणाले, "उठा गो. ताटं राहू द्या तशीच."

सगळ्या उठल्या. वाटेत शेवंतानं विचारलं, "वाटा कदी देनार ते?"

आणि मी म्हणाले, "दिवाळीनंतर."

हे खोटं माझं. साहेबांनी नाही शिकवलं. त्यांनी आम्हाला मोलकरणी धरलं, आणि मी माझ्याच बायकांना अडाणी धरलं. चार अक्षरं येतात म्हणून त्यांची साहेब होऊन बसले होते.

रात्र कशीबशी काढली. सकाळी सगळ्यांना ओट्यावर बोलावलं. चष्मा लावला. बारीक अक्षरं वाचून दाखवली, एकही शब्द न गाळता. मग दिवाळीचं खोटंही सांगितलं. वाटलं, शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.  मी शेवंताला म्हणाले, पत्रे मी आणून देते.

ती उठली. पदर खोचला.

"पत्र्यांचा मी बगीन. तुजं वाचनं आमाला पायजे, बाय, तुजं ठरवनं नको. पुडच्या टायमाला मोठ्यानं वाच. ठरवायचा आमी."