राही साऊंड आणि पंढरीचा डबा

केसरीनाथ भोईर हा मनापासून जळणारा माणूस. किरकोळ जळणं त्याला जमतच नाही. शेजाऱ्याने गेटला नवा रंग दिला की हा आठवडाभर आपल्या गेटकडे बघत नाही. सख्खा भाऊ काळूराम याला दाट मिशी आली, ती गोष्ट दोघांच्या विशीतली. आता पन्नाशी उलटली, मिशी पांढरी झाली, तरी भावाशी बोलताना केसरीनाथची नजर ओठाच्या वर जात नाही. पण ही सगळी रोजच्या सरावाची जळजळ. खरी आग त्याने एकाच व्यक्तीसाठी राखून ठेवली आहे, ती म्हणजे बायको राहीबाई. डॉक्टर तिची नाडी बघायला लागला की याला वाटतं, एवढा वेळ कशाला? ठोके मोजतोय, की ऐकत बसलाय?

त्यात राहीबाई धवलारीण, म्हणजे लग्नात धवले, लग्नाची गाणी, गाणारी. शेलार आणि आसपासच्या गावांत आगऱ्यांचं लग्न निघालं की भटजीच्या आधी धवलारणीची तारीख घेतात. तिने धवला धरल्याशिवाय नवऱ्याच्या अंगाला हळद लागत नाही. राहीबाईचा आवाज वर चढतो आणि वर गेल्यावर तिथेच रमतो, एखादी बाई माळ्यावर चढून निवांत डबे हुडकत बसते तसा. नव्या नवलाईत केसरीनाथला या आवाजावर जळायचंही सुचलं नाही. मांडवातल्या मागच्या लोकांपर्यंत तो पोचत नाही, एवढंच त्याच्या जिवाला लागलं, आणि तेवढ्यासाठी त्याने साऊंडचा धंदा काढला. टेम्पोच्या कपाळावर लाल अक्षरांत रंगवून घेतलं : ‘राही साऊंड सर्व्हिस, शेलार’. बायकोचा आवाज गावाने ऐकायचाच आहे, तर तो आपल्या स्पीकरच्या बॉक्समधून ऐकावा, इतका साधा विचार.

वायरचा माईक होता तोवर संसार सुरळीत चालला. पण धवलारीण एका जागी थोडीच बसते? जात्यापाशी एक धवला, चुलीपाशी एक, पाटापाशी एक. वायर सगळ्यांच्या पायांत. म्हणून केसरीनाथने बिनवायरचा माईक आणला. या माईकचा स्वभाव असा, की हवेतली एक ठरलेली जागा धरायची आणि तिथूनच बोलत राहायचं. एका जागी बसलेल्या माणसाला जो येतो तो धक्का देतो. भिवंडीभोवती गोडाऊनं उगवली, गोडाऊनला गेट आलं, गेटला वॉचमन आला, वॉचमनच्या हातात वॉकीटॉकी आला. मग मागच्या उन्हाळ्यात एका हळदीला राहीबाई सुराच्या टोकाला पोचली आणि केसरीनाथच्या बॉक्समधून आवाज निघाला, “दो नंबर गेट पे कंटेनर लगा है, सुपरवाइजर को भेजो.” नवऱ्याचा मामा खरोखरच उठून बाहेर बघून आला.

त्या दिवसापासून लोक पंढरीला बोलवायला लागले.

पंढरी भिवंडीच्या नारपोलीचा. आधी लूमवर जॉबर होता, बिघडलेला माग ठीक करायचा, मग साऊंडमध्ये आला. सडपातळ, शांत, कुणी शिवी दिली तर दोन्ही बाजूंनी विचार करणारा. अशा माणसावर जळायला फार कष्ट पडतात, पण केसरीनाथ कष्टाला मागे हटणारा नव्हता. पंढरीने नवा माईक आणला होता, आणि एका लग्नात राहीबाईने तो कसा चालतो ते विचारलं.

पंढरी म्हणाला, “ताई, हा एका जागी थांबतच नाही. हवेत जागा बदलत पळतो, डोळ्याची पापणी लवायच्या आत कितीदा तरी. दुसरा कोणी आडवा आलाच तर एखाद्या जागी येईल, तोवर हा पुढे गेलेला असतो. पण हा जो डबा आहे ना, रिसिव्हर, त्याला त्याच क्रमाने, त्याच क्षणी उड्या मारायला लागतात. जरा मागेपुढे झालं की काही ऐकू येत नाही. म्हणून आधी दोघांची जोडी लावून द्यायची. मग डबा माईकचा माग शोधतो, सापडला की हिरवा दिवा लागतो, आणि त्यानंतरही सारखा मागावर राहतो.”

“मंजे मी आन् ठकुबाय,” राहीबाई म्हणाली. ठकुबाई तिच्यामागे साथ धरते. “मी मनाला येल तिकरून धवला उचलतंय, पन पुढचा कनचा येनार ते तिला ठावं असतं. दुसरीला बसवलीस तर ती तोंड उघडंपर्यंत मी पुढल्या ओळीला.”

“अगदी तसंच, ताई.”

केसरीनाथ शेजारीच उभा होता. त्याला यातलं काहीच कळलं नाही, कारण तो सगळा वेळ राहीबाईला हे कसं चटकन कळतंय, तेच बघत होता.

आणि मग काळूरामच्या देवेशची हळद आली. सख्ख्या पुतण्याची. घरात सगळे बसले असताना काळूरामने साऊंडचं नाव काढलं. केसरीनाथने छाती पुढे केली. राहीबाई भाजी निवडता निवडता म्हणाली, “पंढरीला सांगा.”

“आन् राही साऊंड मेली काय?” केसरीनाथ म्हणाला.

“आवो, माज्या पुतन्याच्या हळदीत मना कंटेनर नको.”

केसरीनाथ दुसऱ्याच दिवशी गेला आणि पंढरीकडे आहे तोच माईक, त्याच कंपनीचा, त्याच काळ्या रंगाचा, डब्यासकट घेऊन आला. घरात कुणाला सांगितलं नाही. बेत असा होता, की हळदीत पंढरीचं काहीतरी बिघडेलच. साऊंड म्हणजे बिघडायचीच गोष्ट. मग आपण पुढे व्हायचं, आणि राहीने सगळ्या भावकीसमोर आपल्या हातून माईक घ्यायचा. एवढं झालं की बाकी आयुष्यात काही नको. डबा त्याने टेम्पोत तयार ठेवला, माईक नेहरू शर्टाच्या खिशात घातला, आणि बॅटरी आहे का ते इतक्या वेळा चालू करून बघितलं की शेवटी बंद करायचा राहिला. खिशात माईकचा दिवा लुकलुकत होता. आपला डबा कुठे सापडेना, म्हणून तो माईक बिचारा जोडीदार शोधत होता.

दुपार कलली. मांडव भरला. पंढरीने माईक तपासला, आवाज चोख. आता शेलारात हळदीला वाजणाऱ्या प्रत्येक वस्तूला आधी हळदकुंकू लागतं. ढोलाला लागतं, बेंजोला लागतं, आणि अलीकडे साऊंडलाही लागतं. हा मान घरातल्या थोरल्याचा. ताट केसरीनाथच्या हातात आलं.

ढोलाला त्याने नुसतं बोट टेकवलं. पण पंढरीच्या डब्यापुढे आल्यावर मन भरून आलं, अर्थातच वाईट विचारांनी. डब्याच्या तोंडावर बरोबर मधे एक गोल बटण होतं. देवाच्या कपाळासारखी ती एकच जागा दिसत होती. केसरीनाथने कुंकवाचा अंगठा त्यावर टेकवला आणि मनातल्या मनात म्हणाला, बंद पड रे बाबा, माझ्या देवेशच्या हळदीत बंद पड. नवस जरा लांबला, तितका वेळ अंगठाही दाबून राहिला. ते जोडी लावायचं बटण होतं. डब्याने जुनी जोडी सोडली, आजूबाजूला कोणी आहे का पाहिलं, तर केसरीनाथच्या खिशात एक माईक आशेने लुकलुकत होताच. दोघांचं जमलं. हिरवा दिवा लागला. कुंकवाखाली कुणाला दिसला नाही.

राहीबाई पाटापाशी आली, पंढरीचा माईक तोंडाशी धरला आणि धवला उचलला. बॉक्समधून काहीच आलं नाही. समोरच्या बायकांना ऐकू येत होतं, मागचे माना उंच करून बघायला लागले. पंढरी बॉक्सच्या वायरी तपासायला धावला.

केसरीनाथच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की जणू त्यालाच हळद लागली. त्याने खिशातून आपला माईक काढला, छातीशी धरला, आणि पुढे होण्याआधी काळूरामच्या कानाशी लागला.

“बघ, काळू. सांगितलं नव्हतं मी?”

हे वाक्य चारही बॉक्समधून मांडवभर घुमलं. केसरीनाथने ऐकलं, पण आनंदात माणसाला आपलाच आवाज ओळखू येत नाही. तो पुढे म्हणाला, “राहीचा आवाज सांभाळायचा तर मीच. नारपोलीच्या डब्याचं काम न्हाय ते. ती त्याच्या माईकवर गाती ना, मना जेवन जात न्हाय, काळू. घास तोंडात फिरतो.”

ढोलवाल्याने काठी खाली ठेवली.

“आन् हा कोन माज्यासारका बोलतंय रं?” केसरीनाथ म्हणाला, आणि तेही घुमलं.

काळूरामने मिशीवरून हात फिरवून त्याच्या छातीकडे बोट दाखवलं. केसरीनाथने खाली बघितलं. हातात माईक होता. तो तोंडापासून लांब करावा हेही त्याला सुचेना.

पाटापाशी ठकुबाई म्हणाली, “राही, तुजा नवरा उपाशी मरतंय गं.”

“उपाशी?” राहीबाई म्हणाली. “काल मासळी संपवून कालवनाची तोपली पुसून खाल्ली. घास फिरत होता तो तोपलीत.” बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या.

पंढरी डब्यापाशी गेला, कुंकू पुसलं, हिरवा दिवा बघितला आणि केसरीनाथकडे आला. “दादा, तुमचा माईक माझ्या डब्याला बसलाय. पुजेत बटण दाबलं गेलं. काही नाही, मी परत ताईंच्या माईकची जोडी लावतो, लगेच होईल.”

लगेच होईल. म्हणजे राहीचा आवाज लगेच पंढरीकडे परत. केसरीनाथ तसाच उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला मांडवाच्या मधोमध उभं असूनही कुठेतरी लपावंसं वाटलं.

राहीबाई उठली. पंढरीचा माईक ठकुबाईच्या मांडीवर ठेवला, चालत नवऱ्यापाशी आली आणि हात पुढे केला. “द्या तो इकडं. हळद खोळंबली हाय.”

“पन डबा त्याचा हाय,” केसरीनाथ पुटपुटला. मांडवाने तेही ऐकलं.

“डब्याचं मी बगतंय. माईक सोडा.”

तिने तिथूनच धवला उचलला, आणि गात गात पाटापाशी गेली. आवाज वर चढला आणि वरच राहिला. केसरीनाथ श्वास रोखून वाट बघत होता, कारण त्या ठिकाणी त्याच्या जुन्या माईकवर आवाज नेहमी तुटायचा. तुटला नाही. आणि मग ओळीचं शेपूट आलं, एक छोटंसं वळण, हळूच खाली उतरणारं. हे शेपूट केसरीनाथने लग्न झालं त्या वर्षी ऐकलं होतं, त्यानंतर नाही; पंढरीच्या माईकवर ती गायची तेव्हा हा जळण्यातच गुंग असायचा. त्याला वाटायचं, वयाने गेलं असेल. आता कळलं, की गेलं नव्हतं. नवऱ्याच्या माईकवर, वायरच्या असो की बिनवायरच्या, ते कापलं जातं म्हणून राहीने इतकी वर्षं ते गिळलं होतं, आणि एका शब्दाने सांगितलं नव्हतं. देवेशला हळद लागली. काकाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते हळदीमुळे आलं असं लोकांना वाटलं.

मांडव उठायच्या आधी तो पंढरीपाशी गेला. त्याला वायरी गुंडाळायला हात लावला. मग म्हणाला, “ते बटन. मंजे, मना ठावं हाय. पन समजा एकाद्याला ठावं नसलं तर?”

पंढरीने केसरीनाथच्या टेम्पोतला डबा आणायला लावला, पुन्हा पुन्हा जोडी लावून दाखवली, आणि एकदाही हसला नाही. हसला असता तर केसरीनाथला रागवायला बरं पडलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ओटीवर आपला बॉक्स मांडला, डबा लावला, बटण दाबलं. राहीबाई आत भाकरी थापत होती. तिच्यापुढे माईक धरून तो म्हणाला, “जरा बोल काय तरी.”

तिने बोलायच्या ऐवजी ओळ घेतली. ओटीवर हिरवा दिवा लागला आणि स्थिर राहिला. आवाज चढला, थांबला, आणि शेपटासकट खाली आला. राही साऊंडच्या बॉक्समधून, अख्खा.

“पुढल्या रविवारी खोणी गावची हळद हाय,” राहीबाई म्हणाली. “हाच आना.”

केसरीनाथ उंबऱ्यावर बसला. चेहरा उजळला, मग हळूहळू पुन्हा आंबट झाला.

“राही, खरं सांग. पंढरीच्या बॉक्समदे जरा जास्त गोड लागत व्हता का?”

तिने भाकरी तव्यावर टाकली. “आता बॉक्सावर जळता?”

केसरीनाथ खरोखरच पंढरीच्या बॉक्सचा विचार करत होता.