कोटाची परीक्षा

मुलांनो, यवतमाळचे आमचे टेलरमास्तर टेपवर विश्वास ठेवत नसत. जो कपडा ज्या कामाचा, त्या कामाला तो स्वतः घालून पाहिल्याशिवाय देत नसत. पोलीस शिपायाची हाफपँट घालून ते बाजारभर पळून येत.

एका ऑक्टोबरात तुमच्या आजोबांबरोबर मी परिषदेसाठी प्रागला निघाले, तेव्हा माझा ओव्हरकोट त्यांनीच शिवला. "यात थंडी शिरली तर मशीन विकून टाकीन," दातांत टाचण्या धरून ते म्हणाले. मग तो बायकी कोट घालून बर्फाच्या कारखान्यात तासभर लादीवर बसले. आले तेव्हा ओठ निळे पडले होते.

"शिरली का थंडी?" मी विचारले.

"कोटातून नाही, बाई. पायातून शिरली. पण मी सांगून राह्यलो, त्या गावाले जाऊ नोका."

आम्ही गेलो. प्रागच्या जुन्या पुलावर पिवळी पाने पडली होती आणि छान ऊन होते. तो जड कोट मी पंधरा दिवस हातावरच वागवला.

परतलो तर मास्तर फाटकात उभे. "होती थंडी?"

"भयंकर," मी म्हणाले. "कोट होता म्हणून परत आले."