काचेबाहेरच्या वाट्या

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी इन्स्पेक्टरांनी दगडी वाटी फिरत्या चकतीवर मधोमध बसवली, गोलाई मोजणाऱ्या डायलचं टोक तिच्या पोटाला टेकवलं आणि चकती दोन बोटांनी हळूहळू फिरवायला सुरुवात केली. डायलवरची सुई डावीकडे गेली, परत आली, मग उजवीकडे इतकी गेली की कारखान्यात असा माल आला असता तर त्यांनी तो मोजायचे कष्टही घेतले नसते. वाटीची एक बाजू जाड होती, दुसरी पापुद्र्यासारखी. काठाची एक खपली उडालेली होती.

"वाकडी?" समोरच्या टेबलावरून संग्रहालयाच्या भांडारपाल बाईंनी मान वर न करता विचारलं. त्या वयाने इन्स्पेक्टरांच्या मुलीएवढ्या.

"वाकडी? ही करणाऱ्याचं त्या दिवशी बायकोशी भांडण झालं असणार."

"मग लिहू का तसं? कारण, घरगुती कलह."

इन्स्पेक्टर हसले, पण लगेच चष्मा वर सरकवून आकडा पाहू लागले. या वाकड्या वाटीचं माप आज संध्याकाळी घरी एका माणसाला सांगायचं होतं. तो माणूस ऐकतो का, आणि ऐकून माफ करतो का, हे त्यांना कळत नव्हतं. गेले काही महिने ते रोज इथे तळघरात येऊन बसतात ते एवढ्यासाठीच.

इन्स्पेक्टर म्हटलं की नव्या माणसाला पोलीस वाटतो. हे पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातले इन्स्पेक्टर. लेथवरून उतरलेला माल मोजायचा. चांगला निळ्या ट्रेमध्ये, वाईट लाल ट्रेमध्ये. सगळी नोकरी या दोन ट्रेंच्या मधल्या स्टुलावर गेली. त्यांच्या नजरेतून केसाएवढी चूक सुटत नसे. मुलगी बघायलासुद्धा हे मापाचं व्हर्नियर घेऊन गेले होते, असं कामगार म्हणत. बायकोच्या कानावर ते गेलं तेव्हा ती म्हणाली, "गेले होते की नाही माहीत नाही. मी पास झाले हेच माझं नशीब फुटकं."

तिचा धाकटा भाऊ या संग्रहालयाच्या तळघरात भांडारपाल होता. लग्न केलं नाही, दर रविवारी जेवायला बहिणीकडे. लहानपणापासून फुटक्या मडक्यांचे तुकडे खिशात भरून आणायचा, म्हणून ती त्याला खापऱ्या म्हणायची. त्याला एक खोड होती. कोणी काही ठामपणे बोललं की तो शांतपणे विचारायचा, "कशावरून?"

"आज फार उकडतंय," बहीण म्हणायची.

"कशावरून?"

"तुझ्या डोक्यावरून. ते तापलेलंच असतं. जेव गुपचूप."

इन्स्पेक्टरांना हा मेहुणा आवडायचा. दोघांचं जमायचं, कारण दोघेही न बघता काही मानत नसत. निदान तसं दोघांनाही वाटायचं.

निवृत्तीनंतरच्या एका रिकाम्या सकाळी इन्स्पेक्टर संग्रहालयात गेले आणि काचेच्या कपाटातल्या एका काळ्या दगडी वाटीसमोर थबकले. हजारो वर्षांपूर्वीची, शहराबाहेरच्या टेकडीवर गुराखी लोकांच्या थडग्यांत सापडलेली. तिच्या काठाकडे बघतानाच त्यांच्या बोटांना सुई आठवली. मोजायची परवानगी मेहुण्यानेच वरच्या साहेबांकडून काढून दिली. त्या दिवशी चकती पूर्ण फिरली आणि डायलची सुई जेमतेम थरथरली. काचेतल्या बाकीच्या वाट्याही त्यांनी मोजल्या. सगळ्या तशाच.

"हाताने हे होत नाही," त्या रविवारी जेवताना ते म्हणाले. "आयुष्यभर लेथवरचा माल बघितलाय मी. टेकडीवरच्या त्या गुराख्यांचं हे कामच नाही. एक तर त्यांच्याकडे यंत्र होतं, नाही तर या वाट्या दुसऱ्याच कुठल्या पुढारलेल्या लोकांनी केल्या."

"दाजी, कुठल्या वाट्या मोजल्या तुम्ही?"

"काचेतल्या. तूच तर काढून दिल्यास."

"काचेत कोणी ठेवल्या?"

"तुमच्याच लोकांनी."

"त्याच का ठेवल्या?"

"चांगल्या होत्या म्हणून. हा काय प्रश्न झाला?"

"मग एकदा खाली या माझ्याकडे," मेहुणा म्हणाला आणि भाजी वाढून घेतली.

इन्स्पेक्टर खाली गेले नाहीत. आज ना उद्या जाऊ, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. तेवढ्यात त्यांचं म्हणणं लोकांपर्यंत पोचलं होतं. आधी शेजारच्या मंडळींपुढे, मग निवृत्तांच्या संघात, मग वाचनालयाच्या सभागृहात त्यांनी भाषण केलं. बिनचूक आकडे सांगणारा साधा माणूस लोकांना भावला. कोणी तरी त्याची चित्रफीत करून पसरवली. रस्त्यात अनोळखी माणसं थांबवून विचारू लागली, "ते वाटीवाले तुम्हीच ना?" चाळीस वर्षं लाल ट्रेमुळे शिव्या खाल्लेल्या माणसाला पहिल्यांदाच टाळ्या मिळत होत्या. टाळ्यांची नशा चढते, आणि इन्स्पेक्टरांना ती चढली.

वाचनालयातल्या भाषणाला मेहुणाही आला होता. मागच्या रांगेत बसला होता. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा तो उभा राहिला आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "बाकीच्या वाट्या कुठे आहेत?"

सभागृहातल्या माना मागे वळल्या. इन्स्पेक्टरांना तो प्रश्न नीट समजलासुद्धा नाही. समजला तो एवढाच, की भरल्या सभेत घरच्या माणसाने अडवलं.

"हे आमचे मेहुणे," ते माईकवर म्हणाले. "संग्रहालयात कुलपं लावायला असतात. आता मला सांगा, कुलूप लावल्याने आतलं कळायला लागलं असतं, तर बँकेचा वॉचमन अर्थमंत्री नसता का झाला?"

लोक खो खो हसले. मेहुणाही थोडा हसला, खाली बसला, आणि आभारप्रदर्शनाच्या आधी निघून गेला. त्या रात्री बहिणीने त्याचं ताट मांडून ठेवलं होतं. ते तिने तसंच उचललं.

पुढे मेहुणा घरी यायचा तो इन्स्पेक्टर बाहेर असतील तेव्हा. जिन्यात समोरासमोर आलेच तर "काय दाजी, बरं ना?" एवढं म्हणून वाट द्यायचा. एकदा त्याच्याकडे जाऊन बोलायचं, असं इन्स्पेक्टर दर आठवड्याला ठरवायचे. पण काय बोलायचं ते ठरत नसे, आणि आपलं म्हणणं खरं असताना आपण का वाकायचं, हेही मनातून जात नसे. असं करता करता दोन वर्षं गेली. मग एका सकाळी संग्रहालयातून फोन आला. मेहुणा तळघरातल्या खुर्चीवरून खाली कोसळला होता.

जीव वाचला. पण अर्धांगवायूने उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, आणि बोलणं गेलं. सगळं नाही, एक शब्द राहिला. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. जो शब्द राहिला तो "बरं". चहा हवा का विचारलं तरी "बरं", खिडकी लावू का विचारलं तरी "बरं". जन्मभर कोणाचंही म्हणणं तपासल्याशिवाय मान्य न केलेला माणूस आता सगळ्याला होकार देत होता. बहिणीने त्याला घरी आणलं. लग्न होऊन गेलेल्या मुलीची खोली त्याला दिली.

त्याचं कपाट रिकामं करायला इन्स्पेक्टर पहिल्यांदा तळघरात उतरले. नव्या भांडारपाल बाई पुढे, हे मागे. कपाट शेवटच्या भिंतीशी होतं, आणि तिथवर जायला मांडण्यांच्या दोन रांगांमधून जावं लागत होतं. निम्म्या वाटेत त्यांचा पाय अडला. डाव्या हाताच्या फळ्यांवर काळ्या दगडाच्या वाट्या होत्या, वरपासून खालपर्यंत. काही काठ उतरलेल्या, काही तिरक्या, काही कोरताना मध्येच तडकलेल्या आणि तशाच टाकून दिलेल्या. एकीच्या आत छिन्नीचे टोचे तसेच दिसत होते.

"या कुठून आल्या?"

"त्याच टेकडीवरून," बाई म्हणाल्या. "काही थडग्यांतून, बऱ्याचशा शेजारच्या उकिरड्यातून. चांगल्या तेवढ्या वर मांडल्यात."

इन्स्पेक्टरांनी हातातली पिशवी खाली ठेवली. लाल ट्रे कसा दिसतो हे त्यांच्याइतकं या शहरात कोणाला माहीत नव्हतं. त्या काळच्या कारागिराने तडकलेली वाटी टाकून दिली. श्रीमंताच्या थडग्यात त्यातल्या त्यात देखणी गेली. खोदणाऱ्यांनी धड होती ती आधी नोंदवली, साहेबांनी त्यातली सुंदर होती ती काचेत ठेवली. आपल्या आधी चार इन्स्पेक्टर माल तपासून गेले होते. आपण फक्त निळा ट्रे मोजला आणि कारखान्यात कधी रिजेक्ट निघतच नव्हता, असं जगाला सांगत सुटलो. दुसऱ्या कोणाच्या हातून ही चूक झाली असती तर त्यांना हसू आलं असतं.

परवानगीचा अर्ज त्यांनी त्याच आठवड्यात केला. तेव्हापासून फळीवरची एकेक वाटी चकतीवर चढते आहे.

"म्हणजे हाताने केल्या हे सिद्ध झालं ना?" बाईंनी एकदा विचारलं होतं.

"तसं नाही म्हणता येणार. यंत्रावरही रिजेक्ट निघतोच," इन्स्पेक्टर म्हणाले. "पण जे हाताने होणं शक्य नाही म्हणून मी छाती ठोकत होतो, त्याचा पायाच खचला. त्या गुराख्यांना मी उगाच नालायक ठरवलं."

वाचनालयाच्या चिटणिसांना त्यांनी दुसऱ्या भाषणाबद्दल विचारून पाहिलं. चिटणीस मान खाजवत म्हणाले, "वाकड्या वाट्यांना कोण येणार हो?" चित्रफीतवाल्यालाही ती काढून टाक म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "काका, एवढे लोक बघतायत. राहू द्या की." ती अजून आहे. तिच्यात ते हशे आहेत, मागच्या रांगेत खाली बसणारा माणूसही आहे.

आज संध्याकाळी ते घरी आले तेव्हा मेहुणा खुर्चीत होता, मांडीवर टॉवेल, डाव्या हातात चहाचा कप. बायको शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होती. इन्स्पेक्टर स्टूल ओढून बसले आणि त्यांनी नेहमीप्रमाणे सांगायला सुरुवात केली. आजच्या वाटीची भिंत एकीकडे दुप्पट जाड. तुझं बरोबर होतं.

"बरं," मेहुणा म्हणाला.

सुरुवातीच्या दिवसांत त्यांनी एकदा मुद्दाम उलट बोलून पाहिलं होतं, "माझंच बरोबर होतं बघ." त्यालाही उत्तर "बरं"च आलं होतं. ती परीक्षा घेतल्याची लाज त्यांना अजून होती.

"अहो, रोज त्याला मापं कसली सांगता?" बायको म्हणाली. "मापं त्याला तुमच्या आधीपासून ठाऊक आहेत."

"मग काय सांगू?"

"तो वाट्यांवरून रुसला होता का?"

बायकोने चादरीची दोन टोकं जुळवली. इतके दिवस आपण मोजता येतं तेवढ्याचीच माफी मागत होतो, हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. त्यांनी स्टूल आणखी जवळ घेतलं.

"ते कुलपांचं बोललो ना मी," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर. ते बोलायला नको होतं. चुकलं माझं. तुझ्या कामाला हसलो मी."

मेहुण्याने कप टेबलावर ठेवायचा प्रयत्न केला. बहीण उठायला लागली, पण त्याने स्वतःच ठेवला, थोडा हिंदकळला. मग त्याने इन्स्पेक्टरांकडे पाहिलं.

"बरं," तो म्हणाला.

नेहमीपेक्षा उशिरा म्हणाला, असं इन्स्पेक्टरांना वाटलं. आवाजही जरा वेगळा वाटला. पण एकाच मोजणीवरून काही ठरवायचं नसतं, आणि इथे तर मोजणाऱ्यालाच उत्तर एका बाजूचं हवं होतं. त्यांनी सांडलेला चहा पुसला, कप उचलला आणि आत नेऊन विसळला. हे ऐकून त्याला मोकळेपणी उत्तर देता आलं असतं त्या दोन वर्षांत तो आपल्या घरून रोज पायी कामाला जात होता, आणि ते घर इथून हाकेच्या अंतरावर होतं.

उद्या सोमवार. सोमवारी संग्रहालय बंद असतं, आणि मेहुण्याकडून हातापायाचा व्यायाम करून घेणाऱ्या बाई साडेनऊला येतात. त्या वेळी इन्स्पेक्टर घरीच असतील.