रडून विकलेला मसाला

आमच्या मसाल्याच्या पुडीवर माझा फोटो आहे. डोक्यावर पदर, तोंड वासलेलं, कपाळावर हात. बाकीचे लोक पुडीवर हसरी बाई छापतात. आम्ही रडकी छापली, कारण मी प्रसिद्ध झाले तीच मुळी रडून. शहाद्याच्या बाजारात कुणीही थांबवतं आणि म्हणतं, "ताई, एकदा रडून दाखवा ना!" एक ठेवून द्यावीशी वाटते. पण गिऱ्हाईक असतं, म्हणून मुकाट सेल्फी काढू देते.

हे रडणं माझं नाही, आईचं. आमच्याकडे कुणी गेलं की नात्यातल्या, ओळखीच्या बायका दारावर जातात आणि घरच्या बायकांच्या गळ्यात पडून रडतात. नुसतं रडायचं नसतं, सांगत रडायचं असतं. आधी नात्याची हाक, मग गेलेल्या माणसानं काय काय केलं ते, मग आम्हाला टाकून का गेलास ही तक्रार. विसरवाडीला हायवेवर आमचं चहाचं दुकान होतं. तिथं बसून आईला गावातल्या प्रत्येकाबद्दल काहीतरी चांगलं माहीत झालेलं असायचं, ज्याला घरचेच शिव्या घालायचे त्याच्याबद्दलसुद्धा. ती दारावर जाऊन बोलायला लागली की ओट्यावर बसलेले बाप्येही उपरण्यानं डोळे पुसायचे. मी तिच्याशेजारी बसून ते शिकले. दुसरं कुठलं रडणं मला येत नाही.

लग्न होऊन लोणखेड्याला आले. एकदा ऐन पाहुण्यांच्या गर्दीत मिक्सर जळाला. मी गंमत म्हणून त्याच्यापुढे फतकल मारली आणि आईसारखा गळा काढला, "मन्हा मिक्सर रे! माले टाकीसन कोठे चालना गया! आते मन्ही चटनी कोन वाटी रे!" नवऱ्यानं ते फोनवर घेतलं आणि नेटवर टाकून दिलं. पोटासाठी सुरतेला, पुण्याला गेलेल्या आमच्या माणसांनी ते डोक्यावर घेतलं. मग करपलेली भाकरी झाली, फुटलेली पाण्याची टाकी झाली, सासूबाईंची हरवलेली चप्पल झाली. आईलाही दाखवलं. ती पोट धरून हसली. रागावली असती तर फार बरं झालं असतं.

नवऱ्याचं नंदुरबारहून मिरची आणून कांडून द्यायचं लहानसं काम होतं. आता त्याच्या डोक्यात मसाला घुसला. सुरुवातीला मी कॅमेऱ्यापुढे सरळ "मसाला घ्या" म्हणाले, तर कुणी ढुंकून पाहिलं नाही. सुरतेचा एक जाहिरातवाला त्याला म्हणाला, विकायचं नावच काढू नका, बाईंचा गळा हेच तुमचं भांडवल आहे. तेव्हापासून मी पचपचीत भाजीवर रडायचं आणि शेवटी पुडी दिसली की डोळे पुसायचे, असं ठरलं. रविवारी लाइव्ह. धंदा धो धो चालला, खोटं कशाला बोलू.

आणि आई गेली. दुकानात बसल्या बसल्याच गेली.

मी गाडीतून उतरले ती धावत अंगणात गेले आणि तिच्या अंगावर पडले. "माय वं, मन्ही माय वं! माले टाकीसन कोठे चालनी गयी वं!" मागं कुणीतरी फसकन हसलं. मग दुसरं कुणीतरी. मान वळवली तर बायकांनी तोंडात पदर कोंबलेले आणि खांदे हलत होते. डोळ्यांत पाणी होतं, तरी हसत होत्या. त्या वाईट नाहीत. त्यातल्या निम्म्या आईच्या जिवाभावाच्या होत्या. त्यांना मिक्सर आठवला, त्या तरी काय करणार? मावशीनं येऊन माझ्या तोंडावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "तू नको रडू माय. लोक हासी ऱ्हायनात."

मी गप्प बसले. जिनं अख्ख्या गावासाठी गळा काढला, तिच्यासाठी तिची पोटची पोर एक शब्द बोलली नाही. तिला उचललं तेव्हाही मी ओठ दाबून उभी होते. माझं अंगणातलं रडणं तेवढ्यात कुणीतरी फोनवर घेऊन नेटवर टाकलंच होतं. खाली लोकांनी विचारलं, नवा भाग आहे का? नवऱ्यानं हातापाया पडून ते काढायला लावलं, पण तोवर ऑर्डरी येऊन पडल्या होत्या. मला त्या दिवशी आमच्या घरातल्या मसाल्याचा वाससुद्धा नकोसा झाला.

तेरावं उरकल्यावर काही दिवसांनी नवरा म्हणाला, "लोक विचारी ऱ्हायनात. तुले जमत नसी तर ऱ्हाऊ दे." मीच म्हणाले, लाव तो व्हिडिओचा दिवा. समोर पातळ वरणाची वाटी ठेवली होती. मी वरणाला हाक मारली आणि आईच बाहेर आली. दूध उतू जाताना भाजलेले तिचे हात, माझ्या कॉलेजसाठी तिनं पहाटे उघडलेलं दुकान, फोनवर शेवटी "जेवनी का वं?" एवढंच विचारणं, सगळं मी सांगितलं. फक्त 'माय' म्हणायच्या जागी 'वरण' म्हणत गेले. गळा फाटेपर्यंत रडले. नवऱ्यानं फोन खाली केला नाही. संपल्यावर म्हणाला, "एकच नंबर! असंच पायजे!" मी वरणाची वाटी उचलून आत नेली.

आता दर रविवारी बसते. दुसरीकडे कुठं रडायची सोयच उरली नाही. परवा लाइव्ह चालू असताना सुरतेच्या एका बाईनं लिहिलं, "ताई, हल्ली तुम्ही पहिल्यापेक्षा भारी रडता. आम्ही घरातले सगळे हसून हसून लोळतो." मी ते वाचलं, डोळे पुसले आणि पुडी हातात घेतली.